26,500 टनांत 34 नॉट: एका काल्पनिक फ्रेंच बॅटलक्रूझरचा जमाखर्च

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनीच्या 'डॉइचलँड' या युद्धनौकेला उत्तर म्हणून फ्रान्सने 1932 मध्ये जे 'डंकर्क' (330 मिलिमीटरच्या आठ तोफा, दोन चौपदरी टरेटांत, दोन्ही पुढे) बांधायला घेतले, त्याच्याऐवजी तेवढ्याच 26,500 टनांच्या प्रमाणित विस्थापनात (म्हणजे इंधन वगळून मोजलेल्या जहाजाच्या वजनात) 34 नॉट वेगाचे, 330 मिलिमीटरच्या नऊ तोफा तीन तिहेरी टरेटांत, म्हणजे फिरत्या चिलखती बुरुजांत, वाहणारे (दोन टरेट पुढे, एक मागे) आणि 300 मिलिमीटर जाडीचा चिलखती पट्टा असलेले जहाज बांधता आले असते का, आणि बांधले असते तर ते अधिक चांगले ठरले असते का. पहिल्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर इतके सरळ नाही, आणि शेवटी एका बाबतीत मला आपली बाजू मान्यही करावी लागणार आहे. मी आयुष्यभर जहाजांच्या आराखड्यांवर काम केले; त्यामुळे उत्तर वजनांच्या खतावणीच्या अंगाने येईल, ते गोड मानून घ्यावे.

आरंभ तोफांपासून करू नये. प्रथम हे ठरवावे लागते की हे जहाज कोणाला पकडणार आहे आणि कोणापासून पळणार आहे. 6 फेब्रुवारी 1922 रोजी झालेल्या वॉशिंग्टन कराराने फ्रान्स आणि इटलीला प्रत्येकी 1,75,000 टनांची युद्धनौका-मर्यादा दिली आणि इतरांची बांधणी दहा वर्षे थांबलेली असताना या दोघांना 1927 आणि 1929 मिळून प्रत्येकी 70,000 टनांची नवी जहाजे बांधायला घेण्याची मुभा ठेवली. एका जहाजाला 35,000 टनांची आणि तोफेला 16 इंचांची वरची सीमा होती. आता 70,000 ला भागून पाहा: 35,000 टनांची दोन जहाजे, 23,333 टनांची तीन, 17,500 टनांची चार. फ्रेंच आराखडेकारांनी 1926 च्या सुमारास खरोखरच 17,500 टनांचे एक जहाज कागदावर उतरवले होते. त्याच्यावर 305 मिलिमीटरच्या आठ तोफा दोन चौपदरी टरेटांत होत्या, आणि काम होते भूमध्य समुद्रातल्या वेगवान इटालियन क्रूझरांची, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकांची, शिकार. त्याचा वेग प्रचंड होता, पण चिलखत क्रूझरच्या तोफगोळ्यांपुरतेच होते. म्हणजे आपल्या मनातले 34 नॉटांचे जहाज फ्रेंचांच्याही मनात येऊन गेले होते. ते मागे पडले याला कारण होते.

ते कारण 5 फेब्रुवारी 1929 रोजी कील येथे पायाभरणी झालेले 'डॉइचलँड'. कागदोपत्री 10,000 टन (प्रत्यक्षात त्याहून अधिक), 280 मिलिमीटरच्या सहा तोफा, डिझेल एंजिने, सुमारे 28 नॉट वेग आणि 20 नॉटांनी जवळपास 10,000 सागरी मैलांचा पल्ला. त्याच्याहून वेगवान बहुतेक सर्व जहाजे त्याच्याहून दुबळी होती आणि त्याच्याहून बलवान बहुतेक सर्व जहाजे त्याच्याहून संथ होती. अपवाद होता तो ब्रिटिशांच्या 'हूड', 'रिनाऊन' आणि 'रिपल्स' या तीन बॅटलक्रूझरांचा (मोठ्या तोफांच्या, पण वेगासाठी चिलखतात काटकसर केलेल्या युद्धनौकांचा) आणि जपानी 'कोंगो' वर्गाचा. (यांपैकी 'रिनाऊन' मुंबईकरांच्या पाहण्यातले होते, नोव्हेंबर 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स याच जहाजातून मुंबईला उतरले, आणि शहरात दंगली उसळल्या.) फ्रान्सला हवे होते असे जहाज, जे 'डॉइचलँड'ला पकडू शकेल, 280 मिलिमीटरचा गोळा अंगावर झेलू शकेल आणि एका दमात त्याला बुडवू शकेल. शत्रू 28 नॉटांचा असेल तर पाठलाग करणाऱ्याला 30 नॉट पुरतात. दोन नॉटांची आघाडी म्हणजे तासाला दोन सागरी मैल, आणि सकाळी क्षितिजावर दिसलेले जहाज संध्याकाळच्या आत तोफांच्या टप्प्यात आणायला एवढी आघाडी पुरेशी आहे. 34 नॉट लागतात ते क्रूझरमागे धावायला, आणि क्रूझरमागे धावायला 330 मिलिमीटरची तोफ लागत नाही. आपल्या आराखड्यात ही दोन कामे एकात मिसळली आहेत, आणि पुढचे सगळे वजन त्या मिसळीतून वाढते.

आता वेगाकडे वळू. 'डंकर्क'ची जलरेषेवरची लांबी सुमारे 209 मीटर, रुंदी 31 मीटर, आराखड्यातली शक्ती 1,12,500 अश्वशक्ती आणि वेग 29.5 नॉट. चाचण्यांत सुमारे 1,35,000 अश्वशक्ती काढून ते 31 नॉटांपर्यंत गेले. सर्वसाधारण नियम असा की लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 29.5 वरून 34 वर जायचे तर गुणक 1.53 येतो, म्हणजे 1,72,000 अश्वशक्ती. पण घनाचा नियम लांबीला शोभेल अशा वेगापर्यंतच खरा असतो. त्यापुढे जहाज स्वतःच उठवलेल्या लाटेशी झुंजू लागते, आणि घाताचा अंक तीनावरून चाराकडे सरकतो. चौथ्या घाताने हिशोब केला तर आकडा 1,98,000 च्या आसपास जातो. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, आणि माझ्या अनुभवाने वरच्या टोकाकडे.

हे लाटेचे प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण हौशी आराखडे बहुधा इथेच फसतात. चालणारे जहाज आपल्याबरोबर एक लाटमालिका ओढत नेते आणि त्या लाटेची लांबी फक्त वेगावर अवलंबून असते; जहाज केवढे आहे याच्याशी तिला देणेघेणे नाही. 29.5 नॉटांना ही लाट सुमारे 147 मीटर लांब असते. 209 मीटरच्या धडाखाली तिचे जवळजवळ दीड आवर्तन बसते आणि जहाज लाटेवर नीट टेकलेले राहते. 34 नॉटांना तीच लाट 196 मीटर लांब होते, म्हणजे जवळजवळ जहाजाएवढीच. अशा वेळी एक शिखर नाळेशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, दुसरे शिखर पार मागच्या टोकाशी आणि मधल्या सगळ्या धडाखाली खळगा अशी स्थिती येते. वेग आणखी वाढवला की मागचे शिखर धडाच्या बाहेर निसटते, मागचा भाग खाली बसतो आणि जहाज अक्षरशः चढण चढू लागते. एंजिनखोलीतून आणखी वाफ सोडली तरी ती चढणीतच जिरते. विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात लहान नमुने टाकीत ओढून हे दाखवून दिले आणि वेग व लांबी यांचे त्यांच्या नावाचे गुणोत्तर आजही आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिले जाते. 'डंकर्क'साठी ते 0.335 येते, आपल्या जहाजासाठी, लांबी तीच ठेवली तर, 0.386. एवढाच फरक, पण शक्तीच्या आलेखावर तो सपाट रस्ता सोडून घाटाला लागण्याचा फरक आहे.

मग लांबी वाढवावी. 34 नॉटांना गुणोत्तर 0.35 वर आणायचे तर जलरेषेवरची लांबी 254 मीटर लागते. 'हूड'ची एकूण लांबी 262 मीटर होती आणि त्याचे विस्थापन 42,000 टनांच्या वर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आपण कोणत्या घरात शिरतो आहोत ते समजते. लांब धड म्हणजे नुसता अधिक पत्रा नव्हे. जहाज दोन लाटांवर टेकले की ते तुळईसारखे वाकते, आणि लांबी वाढली की तेवढ्याच खोलीच्या तुळईला वाकवणारा जोर झपाट्याने वाढतो. त्यासाठी वरचा डेक आणि तळ यांचे पोलाद जाड करावे लागते. शिवाय एक अगदी साधी, चुनाविटांची अडचण होती. 'डंकर्क' ब्रेस्टच्या ज्या सालू गोदीत बांधले, ती गोदी 200 मीटरांची. 215 मीटरचे जहाज तिच्यात मावेना, म्हणून पुढचा 17 मीटरचा तुकडा निराळा बांधला, 2 ऑक्टोबर 1935 रोजी नाळेविना धड पाण्यात आणले आणि मग लानिनोंच्या मोठ्या गोदीत नेऊन नाळ जोडली. आपल्या जहाजाचा 54 मीटरचा तुकडा बाहेर राहिला असता. हे अशक्य मुळीच नव्हते, कारण पुढे 'रिशल्यू' असेच तुकड्यांनी बांधले गेले, आणि सें-नाझेर येथे त्याच काळात 300 मीटरपेक्षा लांब 'नॉर्मंडी' हे प्रवासी जहाज उभे राहत होते. पण युद्धनौका आयुष्यभर गोदीत येत-जात असते, आणि ज्या बंदरात तळ त्या बंदरात गोदी नसेल तर ते जहाज पाहुणे म्हणूनच तिथे राहते.

एंजिनांच्या बाबतीत मात्र काळ आपल्या बाजूने होता, आणि हे आपल्या प्रश्नातले सर्वांत बळकट अंग आहे. 'हूड'च्या 1,44,000 अश्वशक्तीसाठी 24 बॉयलर लागत, म्हणजे एका बॉयलरमागे 6,000. 'डंकर्क'ने 1,12,500 अश्वशक्ती सहा बॉयलरांतून काढली, म्हणजे एका बॉयलरमागे जवळजवळ 18,750. वाफेचा दाब आणि तापमान वाढल्यामुळे हे साधले. वजनाच्या भाषेत सांगायचे तर 'हूड'ची यंत्रसामग्री सुमारे 5,300 टनांची, म्हणजे टनामागे 27 अश्वशक्ती. आणि 1937 मध्ये पायाभरणी झालेल्या ब्रिटिश 'किंग जॉर्ज पाचवा' या जहाजात सुमारे 2,700 टनांत 1,10,000, म्हणजे टनामागे 40. दोन महायुद्धांमधल्या काळात वेगवान युद्धनौकेची कल्पना पुन्हा व्यवहार्य झाली ती मुख्यतः या एका सुधारणेमुळे. जाड चिलखत आणि 30 नॉट हे एका जहाजात बसू लागले तशी बॅटलक्रूझर ही वेगळी जातच हळूहळू अनावश्यक झाली, असे माझे मत आहे. तरीही टनामागे 40 धरून आपल्या जादा 60,000 ते 85,000 अश्वशक्तीला 1,500 ते 2,100 टन पडतात, आणि ही यंत्रे चिलखताच्या आत ठेवायची तर त्या खोल्यांच्या वाढीव लांबीवर पट्टा आणि डेकही चढतो.

आता पट्टा. 'डंकर्क'चा पट्टा 126 मीटर लांब, 5.75 मीटर उंच आणि 225 मिलिमीटर जाड होता, वरचा काठ बाहेरच्या बाजूस सुमारे 11 अंशांनी कललेला, जेणेकरून आडवा येणारा गोळा तिरपा लागावा. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ सुमारे 1,450 चौरस मीटर होते. पोलाद घनमीटरला 7.85 टन धरले तर 225 मिलिमीटरला 2,560 टन आणि 300 मिलिमीटरला 3,410 टन. म्हणजे जाडी वाढवण्याची किंमत 850 टन. ही परवडण्याजोगी आहे, आणि फ्रेंचांनी स्वतः 'स्ट्रासबर्ग' या जोडीदार जहाजात पट्टा 283 मिलिमीटरचा करून तीच वाट धरली. पण मागचा टरेट आला की खरा खर्च सुरू होतो. दारूकोठार चिलखताच्या आतच हवे; 31 मे 1916 रोजी जटलंडच्या लढाईत 'इनडिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' ही तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर कशी फुटली हे त्या पिढीतला कोणीही आराखडेकार विसरू शकत नव्हता, मग त्यात चिलखताचा दोष किती आणि दारूच्या पिशव्या हाताळण्यातल्या ढिलाईचा किती हा वाद काहीही असो. मागच्या टरेटासाठी चिलखती पेटी, म्हणजे पट्टा आणि चिलखती डेक यांनी झाकलेला मधला भाग, किमान 25 मीटर लांबवावी लागेल. त्या 25 मीटरांवरचा 300 मिलिमीटरचा पट्टा सुमारे 675 टन आणि 120 मिलिमीटरचा डेक सुमारे 650 टन. टरेटखालच्या जाड चिलखती विहिरीचे काहीशे टन वेगळे. चौपदरी टरेट सुमारे 1,500 टनांचा होता. तिहेरी 1,200 टनांचा धरला तर तीन टरेटांचे 3,600 आणि दोन चौपदऱ्यांचे 3,000, म्हणजे एका अधिक तोफेसाठी 600 टन.

सर्व जुळवून पाहिले तर यंत्रे, पट्टा, पेटीची वाढ, टरेट आणि विहीर मिळून 4,500 ते 5,000 टनांची वाढ होते, आणि हे सगळे वाहणाऱ्या लांब व मजबूत धडाचे आणखी किमान दोन हजार टन. वाढलेल्या विस्थापनाला पुन्हा अधिक शक्ती लागते, ती पुन्हा वजन आणते, आणि हे चक्र दोन-तीन फेऱ्यांनंतर थांबते तेव्हा आपण 34,000 ते 35,000 टनांवर असतो. म्हणजे करारातल्या कमाल मर्यादेवर. तिथे पोहोचल्यावर 330 मिलिमीटरची तोफ ठेवण्यात अर्थ उरत नाही, 380 मिलिमीटरचीच घ्यावी लागते. आणि ते जहाज फ्रान्सने 1935 मध्ये 'रिशल्यू' म्हणून बांधायला घेतलेच: 380 मिलिमीटरच्या आठ तोफा, पुढच्या बाजूला दोन चौपदरी टरेट, 30 नॉटांच्या वर वेग. वजनाचा काटा करारापेक्षा वरच थांबला, हा भाग वेगळा.

काटा वर जाण्याबद्दल एक अनुभव सांगतो, कारण काल्पनिक आराखड्यांत ही गोष्ट कधीच धरलेली नसते. जहाज जवळजवळ पुरे झाले की त्याला कलवून पाहण्याची चाचणी होते. वारा नसलेली पहाट निवडतात, दोर सैल सोडतात, टाक्या एक तर पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात आणि कामगारांना खाली उतरवतात. डेकवर मोजून ठेवलेली वजने एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे नेली जातात. आत, एखाद्या उंच शिडीच्या पोकळीतून लांब ओळंबा सोडलेला असतो; त्याचे वजन तेलाच्या पिंपात बुडवलेले असते म्हणजे ते हेलकावत नाही, आणि मागे लावलेल्या पांढऱ्या पट्टीवर एक जण पेन्सिलीने खुणा करतो. त्या खुणांमधल्या मिलिमीटरांवरून जहाजाचा गुरुत्वमध्य निघतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एका जहाजाच्या अशा चाचणीत गुरुत्वमध्य हिशोबापेक्षा नऊ सेंटिमीटर वर निघाला. कोणी एकाने चूक केली नव्हती. केबलींचे आधार, रंगाचे जादा थर, कोणीतरी 'असू दे' म्हणून बदललेली जाड नळी असे सगळे वरच्या मजल्यांवर थोडेथोडे साठले होते. तेव्हापासून मी कोणत्याही आराखड्यात तीन टक्के वजन कोणाच्याच नावावर न टाकता राखून ठेवतो. आपल्या 26,500 टनांत ते जवळजवळ 800 टन होतात, आणि आपण त्यांतला एकही टन राखलेला नाही.

प्रमाणित विस्थापनाची व्याख्या मात्र आपल्याला थोडा हात देते. तिच्यात माणसे, दारूगोळा आणि शिधा धरतात, पण इंधन आणि बॉयलरचे राखीव पाणी धरत नाहीत. म्हणून करारापुरता लांब पल्ला फुकट मिळतो. 26,500 टनांचे 'डंकर्क' पूर्ण भरल्यावर 35,000 टनांच्या पुढे जात असे. पण फुकट म्हणजे कागदावर फुकट. समुद्राला व्याख्या ठाऊक नसतात, आणि पूर्ण भरलेले जहाज खोल बसते, पट्ट्याचा वरचा काठ पाण्याजवळ येतो व नाळेवरून पाणी चढते. 'डंकर्क' उत्तर अटलांटिकात पुढून फार भिजते अशी तक्रार होतीच. दोन्ही टरेटांचे वजन पुढे, आणि वेगासाठी नाळ निमुळती, म्हणजे तिला उचलून धरणारे आकारमान कमी.

यातूनच एक कमी बोलला जाणारा प्रश्न उभा राहतो, तो पाण्याखालच्या संरक्षणाचा. टॉर्पेडोचा स्फोट जिरवायला बाहेरच्या पत्र्यापासून आतल्या भिंतीपर्यंत अंतर लागते. फ्रेंचांनी धडाच्या मध्यभागी ते सात मीटरांहून अधिक ठेवले होते आणि काही कप्पे रबरापासून केलेल्या हलक्या, फेसाळ पदार्थाने भरले होते, जेणेकरून पाणी आत पसरू नये. हे इतर देशांच्या त्या काळच्या व्यवस्थेपेक्षा उदार होते. पण वेगासाठी धड जितके निमुळते करावे तितके हे अंतर पुढच्या टरेटापाशी, म्हणजे नेमके दारूकोठारापाशी, घटत जाते. आपल्या जहाजात तर ते दोन्ही टोकांना घटेल. 34 नॉटांचे धड आणि टोकांजवळची दारूकोठारे यांचे मुळातच जमत नाही.

मग मी काय बांधले असते? 330 मिलिमीटरच्या आठ तोफा, दोन चौपदरी टरेटांत, दोन्ही पुढे. चार दुहेरी टरेटांऐवजी दोन चौपदरी घेतले की वजनात सुमारे एक चतुर्थांश बचत होते आणि चिलखती पेटी आखूड राहते. एक गोळा आणि चार तोफा गेल्या, हा आक्षेप खरा आहे. म्हणून फ्रेंचांनी टरेटाच्या मधोमध चिलखती भिंत घातली आणि दोन टरेटांमध्ये 25 मीटरांहून अधिक अंतर ठेवले. ते मी तसेच ठेवले असते. जलरेषेवरची लांबी 228 मीटर केली असती, म्हणजे 32 नॉटांना फ्रूड गुणोत्तर 0.348 येते आणि घाट लागत नाही. वाढलेले विस्थापन धरून शक्ती सुमारे 1,52,000 अश्वशक्ती लागेल. 'डंकर्क'च्या चाचणीच्या आकड्यांवरून उलट मोजले तर 1,57,000 येते, तेव्हा मी 1,55,000 मागितली असती. बॉयलर आणि टर्बाइन यांच्या खोल्या आलटून-पालटून, म्हणजे एका टॉर्पेडोने सगळी वाफ जाणार नाही. पट्टा 'स्ट्रासबर्ग'प्रमाणे 283 मिलिमीटरचा. 130 मिलिमीटरच्या दुय्यम तोफांचे चौपदरी टरेट मात्र मी घेतले नसते. जहाजांवरही मारा आणि विमानांवरही मारा ही कल्पना काळाच्या पुढची होती, पण यंत्रणा नाजूक निघाली. साधे दुहेरी टरेट, दोन तोफा कमी असल्या तरी, पत्करले असते. तीन टक्के राखीव धरून हे सारे 29,500 टनांच्या आसपास बसते. 70,000 टनांत अशी दोन जहाजे होतात आणि 11,000 टन शिल्लक राहतात, ज्यांचा स्वतंत्र उपयोग काहीच नाही. अर्थमंत्र्यांनी मला हाच प्रश्न विचारला असता, आणि माझ्याकडे चांगले उत्तर नसते.

आता ते चांगले ठरले असते का, हा दुसरा भाग. ज्या शिकारीसाठी हे सारे, ती 1939 मध्ये प्रत्यक्ष झाली. 'डॉइचलँड'च्याच वर्गातल्या 'ॲडमिरल ग्राफ श्पे'च्या मागावर 'डंकर्क', 'स्ट्रासबर्ग', 'रिनाऊन' अशी सगळी वेगवान मोठी जहाजे वेगवेगळ्या तुकड्यांत फिरत होती, आणि त्यांतले एकही त्याला भेटले नाही. 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेजवळ त्याला गाठले ते 'एक्सेटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीज' या तीन क्रूझरांनी. यांतले 'अकिलीज' 1948 मध्ये भारताने घेतले आणि 'दिल्ली' या नावाने ते आपल्या नौदलात 1978 पर्यंत होते. विद्यार्थीदशेत मुंबईच्या बंदरात मी ते लांबून पाहिले आहे, आणि 6 इंची तोफांचे ते सडपातळ जहाज 280 मिलिमीटरच्या तोफांसमोर कसे गेले असेल असा विचार तेव्हाही मनात आला होता. सांगायचे ते असे की महासागरात अवघड काम हुडकण्याचे असते, धावण्याचे नाही. आणि हुडकायला जहाजांची संख्या, पल्ला आणि विमाने लागतात. 30 चे 34 नॉट केल्याने क्षितिज रुंद होत नाही.

वेग कामी आला तो वेगळ्याच ठिकाणी. फ्रान्स जर्मनीला शरण गेल्यावर त्याची जहाजे जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून 3 जुलै 1940 च्या संध्याकाळी अल्जीरियातल्या मर्स-एल-केबीरच्या बंदरात 'हूड'सह ब्रिटिश जहाजांनी फ्रेंच ताफ्यावर गोळीबार केला. 'स्ट्रासबर्ग' दोर तोडून बाहेर पडले, आणि वीस वर्षांचे, थकलेले 'हूड' मागे लागूनही त्याला गाठू शकले नाही. ते फ्रान्सच्या तुलों बंदरात पोहोचले. 'डंकर्क'ला 15 इंची गोळे लागले. 280 मिलिमीटरचा गोळा झेलायला घातलेला 225 मिलिमीटरचा पट्टा त्यांना अडवू शकला नाही. आपला 300 मिलिमीटरचा अडवू शकला असता, अशी हमी मीही देणार नाही. एक गोळा दुसऱ्या टरेटाच्या छपरावर लागून उजव्या अर्ध्या भागातली माणसे मारली गेली, पण मधल्या भिंतीमुळे डावा अर्धा भाग चालू राहिला.

आणि इथेच आपली बाजू मान्य करण्याची जागा येते. त्या दिवशी फ्रेंच युद्धनौका धक्क्याकडे पाठ करून, नाळ जमिनीकडे ठेवून बांधलेल्या होत्या. आठही तोफा पुढे असलेले 'डंकर्क' आणि 'स्ट्रासबर्ग' त्यामुळे डोंगराकडे तोंड करून उभे होते, आणि समुद्राकडून येणाऱ्या गोळ्यांना उत्तर द्यायचे तर आधी जहाजच वळवायला हवे होते. मागे एक तिहेरी टरेट असता, तर तीन तोफा पहिल्या क्षणापासून समुद्राकडे रोखलेल्या असत्या. आराखडा करताना बांधून ठेवलेल्या जहाजाच्या लढाईचा विचार मी कधी केला नव्हता, आणि 1932 मध्ये ब्रेस्टमध्ये बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूंनीही तो केला नसावा.